सहा ठिपक्यांची पालखी

रत्नागिरीच्या मासळीबाजारात हरिश्चंद्र गोताड बांगडे एका कोळणीकडून घेई आणि तिच्या शेजारी बसलेलीला वाईट वाटू नये म्हणून तिच्याकडून मुडदुसे घेई. मग तिसरी आपल्याकडे रोखून बघते आहे असे वाटून तिच्याकडून निदान मूठभर सुकट. घरी त्याची बायको कमला ती तीन पुडकी बघून कपाळाला हात लावी. कचेरीत कुणी पेढे वाटले, तर रजेवर असलेल्या माणसाचा पेढा हरिश्चंद्र कागदात गुंडाळून खणात जपून ठेवी. अशा एका पेढ्याला बुरशी आली होती. तरी तो त्याने यथावकाश हक्कदाराच्या हाती सुपूर्द केला. कुणाला वगळायचे नाही, एवढे एकच तत्त्व त्याच्यापाशी होते. आणि माणसापाशी तत्त्व एकच असले, की ते बांगड्यापासून ब्रह्मांडापर्यंत सगळीकडे लागू पडते, असा त्याचा समज व्हायला फार वेळ लागत नाही.

या तत्त्वाचे मूळ शिमग्यात होते. हरिश्चंद्र नऊ वर्षांचा असताना त्याच्या बापाचे भावकीशी मानावरून वाजले. पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, एवढाच प्रश्न होता. म्हणजे त्याहून मोठा प्रश्न गावात दुसरा नव्हता. त्या वर्षी ग्रामदेवतेची पालखी वाडीतल्या सगळ्या घरांत गेली, गोताडांचे घर तेवढे सोडून. आईने अंगण सारवून रांगोळी काढली होती. सुपात ओटी भरून, नारळ घेऊन ती उभी होती. ढोल जवळ आला, गडग्याच्या, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणाच्या, पलीकडून वाजत गेला आणि लांब झाला. दुसऱ्या वर्षी गाऱ्हाणे घालून भांडण मिटले, पालखी आली, अंगणात अर्धा तास नाचली. पण तो गडग्यापलीकडचा ढोल हरिश्चंद्राच्या कानातून काही गेला नाही. पुढे त्याने रत्नागिरीच्याच कॉलेजातून संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि एका सरकारी कचेरीत, जिचे नाव सांगून कुणाचेच भले होणार नाही, तो सांख्यिकी सहायक म्हणून चिकटला. त्या ढोलाचा आणि संख्याशास्त्राचा काही संबंध येईल, अशी शंका कुणालाही येण्याचे कारण नव्हते.

१९८५च्या दिवाळीआधी वरून एक परिपत्रक आले. तोवर उन्हाळ्यात कोणत्या वाडीला पाण्याचा टँकर द्यायचा, हे ज्या त्या सरपंचाच्या आवाजावर ठरत असे. आता ते शास्त्रावर ठरायचे होते. प्रत्येक सहायकाने एक नमुना विहीर घ्यावी, दर महिन्याच्या एक तारखेला तिची पातळी मोजवावी, एप्रिलच्या आरंभी आलेखावरून मे महिन्याचा अंदाज बांधावा आणि त्या अंदाजावर टँकरची यादी करावी. हरिश्चंद्राच्या वाट्याला सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळपठारावरच्या, वरच्या कोंडीची विहीर आली. पस्तीस घरांची वाडी, एक विहीर, चोवीस फूट खोल, खाली काळा कातळ. योगायोग असा, की वरची कोंड हे कमलाचे माहेर होते आणि त्या पस्तिसांतल्या एका घरात हरिश्चंद्राची सासू येसूबाई राहत होती. विहीर आटली की येसूबाईला डोक्यावर दोन हंडे घेऊन खालच्या ओढ्याच्या, म्हणजे पऱ्याच्या, डबक्यापर्यंत दीड मैल उतरावे लागे आणि दीड मैल चढावे लागे. वय बासष्ट.

पातळी मोजायला लवू नावाचा गावकामगार होता. त्याच्याकडे काथ्याचा एक दोर होता आणि दोराला फुटाफुटावर गाठ. दगड बांधून दोर सोडायचा, वर ओढायचा, भिजलेल्या गाठी मोजायच्या आणि चिठ्ठी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर रत्नागिरीला धाडायची. नोव्हेंबरात अठरा गाठी भिजल्या. डिसेंबरात पंधरा, जानेवारीत बारा. फेब्रुवारीत दहा, मार्चात सहा आणि एप्रिलमध्ये तीन. शिमग्याची रजा संपवून, पालखीचा गुलाल अजून कानामागे तसाच ठेवून हरिश्चंद्र कचेरीत आला, तेव्हा सहावी चिठ्ठी टेबलावर पडली होती. त्याने आलेखाचा कागद काढला, पेन्सिलीला टोक केले आणि सहा ठिपके दिले. ते इतके नीट आणि गोल होते, की अष्टगंधाने टेकवल्यासारखे दिसत होते.

हेडक्लार्क भिकाजीअण्णा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. त्यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण त्यांच्या खणात फायली शिवायचा काळा दोरा होता. त्यांनी हातभर दोरा तोडला, दोन्ही अंगठ्यांखाली ताणून कागदावर धरला आणि जरा वरखाली केला.

"हे बघ. पाच ठिपके दोऱ्याखाली. फेब्रुवारीवाला तेवढा फूटभर वर राहिला. दोरा मे महिन्यात कुठे जातो? तळाला. मे महिन्यात विहीर कोरडी. लिही आणि चहा घे."

हरिश्चंद्र त्या सुटलेल्या ठिपक्याकडे बघत राहिला. पाच घरे घेतली होती, सहाव्याच्या गडग्यापलीकडून दोरा गेला होता.

"अण्णा, तुमचा दोरा फेब्रुवारीकडे जात नाही."

"न जाईना. फेब्रुवारी काय जेवायला बोलावतोय?"

"त्यानं काय पाप केलं? तीच विहीर, तोच लवू, तोच दोर. पाच खरे आणि एक खोटा, हे कोण ठरवणार?"

"अरे, रेघ ही वाटेसारखी असते," अण्णा म्हणाले. "ती गावातून जाते. प्रत्येकाच्या पडवीत शिरत नाही."

"पालखी शिरते," हरिश्चंद्र म्हणाला.

अण्णांनी दोरा गुंडाळून खिशात घातला. ज्या माणसाने शास्त्राला देव्हाऱ्यात बसवले आहे, त्याच्याशी वाद घालू नये, हे त्यांना तीस वर्षांच्या नोकरीने शिकवले होते.

सहा ठिपक्यांपैकी एकालाही न वगळता जाणारा वक्र असतो. पाचव्या घाताची बहुपदी घेतली, की तिला सहा ठिकाणी हवे तसे वाकवता येते. कॉलेजात प्राध्यापकांनी हे सांगितले होते. त्यापुढे त्यांनी एक सावधगिरीची सूचनाही दिली होती. पण त्या दिवशी हरिश्चंद्र एका आजारी वर्गमित्राच्या वहीत धडा उतरवून देत होता आणि ती सूचना दोन्ही वह्यांत आली नाही. मेहुण्याने मुंबईहून आणून दिलेला कॅल्क्युलेटर घेऊन तो तीन दिवस बसला. सहा समीकरणे, सहा अज्ञाते. जेवायला उठला नाही, मासळीबाजारात गेला नाही. तीन कोळणींना एकाच वेळी वाईट वाटण्याची ती पहिलीच खेप असावी. चौथ्या दिवशी वक्र तयार झाला. नोव्हेंबरपासून ऐटीत निघाला, प्रत्येक ठिपक्याच्या अंगणात थांबला, फेब्रुवारीच्या दारात जरा जास्त झुलला, एप्रिलच्या उंबऱ्यापाशी खाली वाकला आणि तिथून जो उठला तो थेट वर. एक मे रोजी विहिरीत वीस फूट पाणी.

वीस. म्हणजे पावसाळा नुकता सरला तेव्हा होते, त्याहून दोन फूट जास्त.

एवढे पाणी हरिश्चंद्रालाही पटेना. त्याने बेरजा-वजाबाक्या पुन्हा केल्या. तीनदा केल्या. तिन्ही वेळा वीसच आले आणि तिसऱ्या वेळी त्याला धीर आला. गणित चुकले नसेल तर विहीर कशी चुकेल? कोकणातल्या मे महिन्यात पाणी सतरा फूट चढण्याला कारण तेवढे हवे होते. कारणे ही सरकारी कचेरीतली सर्वांत स्वस्त वस्तू. संध्याकाळपर्यंत 'कातळांतर्गत विलंबित पाझर' असे एक कारण त्याने स्वतःच घडवले. ते इतके भारदस्त होते, की रात्री जेवताना त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला.

साहेब सांगलीकडून बदलून आलेले. टँकर दोन आणि मागणाऱ्या वाड्या एकोणीस, या चिंतेने ते वाळले होते. आलेख बघून त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे या वाडीला टँकर नको?"

"अंदाजानुसार नको, साहेब."

"गोताड, पण ही रेघ एवढी नागमोडी कशाला काढलीय हो? भिकाजी तर म्हणत होते, सरळ दोरा लावला तरी भागतंय."

"दोऱ्यात एका फुटाची चूक राहते, साहेब. यात चूक शून्य. सहाच्या सहा ठिपक्यांतून जातो."

साहेब दाराशी उभ्या असलेल्या अण्णांकडे वळले. "काय हो भिकाजी? एक मोठा का शून्य?"

"एकच मोठा, साहेब," अण्णा म्हणाले. "पण मे महिन्यात पाणी चढणार, ते कुठून?"

"कातळांतर्गत विलंबित पाझर," साहेबांनी खालची ओळ वाचली, आणि असा पाझर ठाऊक नसलेल्या माणसाची कीव आल्यासारखे ते हसले. एकोणीस वाड्यांच्या अठरा झाल्या. आलेख वर गेला.

येसूबाईच्या कानावर बातमी जायला आठवडा लागला. एप्रिलच्या मध्यावर ती काजूबिया विकायला रत्नागिरीत आली आणि दुपारी लेकीच्या घरी टेकली. जावई समोर होता. तिने पदर सावरला, जावयाचा मान ठेवून जराशी तिरकी बसली आणि मान ठेवूनच सुरुवात केली.

"जावयबापू, आयकलं ता खरा काय? आमच्या हिरीला म्हयन्याभरात वीस फूट पानी येतंय म्हनं?"

"अंदाज आहे, आत्याबाई."

"बरा झाला. म्या म्हटला, पोरीला न् तुमाला मे म्हयन्यात पवायलाच बोलवावा."

कमला पदरात तोंड घालून हसू दाबत स्वयंपाकघरात गेली. हरिश्चंद्राने कागद आणला, ठिपके दाखवले आणि वक्र दाखवला. येसूबाईने तो कागद लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

"ह्यातला मना काय समाजत नाय. आमच्या हिरीला पायऱ्या हायत. येक पायरी म्हंजे येक फूट. दिवाळी झाली की बायका पायऱ्या मोजतात. म्हयन्याला तीन उगड्या पडतात, उन्ह असो नायतर थंडी. अठरा पायऱ्या, सा म्हयने. मे लागला की कातळ. ह्येला कागद कनाला?"

"पण फेब्रुवारीत दोनच उघड्या पडल्या. दहा फूट पाणी होतं. लवूनं मोजलंय."

येसूबाईने जावयाकडे असे पाहिले, की तेवढ्या पाहण्यात त्याची पदवी गेली.

"आवो, तवा वाडीत मानूस कोन हुता? सदूच्या लेकाचा लगीन राजापूरला. टरक करून सगली वाडी तीन दिस तकडं. हिरीत कलशी पडली नाय तीन दिस. पानी फूटभर चढला. आमी आलाव, दोन दिसात पुन्ना उतारला. लवू मेला येकटाच मागं, त्येनं दोर सोडला, गाठी मोजल्यान्, चिठी धाडल्यान्."

हरिश्चंद्राच्या तोंडचे पाणी पळाले. वरच्या कोंडीत होते त्याहून थोडे कमीच होते म्हणा. ठिपका खोटा नव्हता. लवूने प्रामाणिकपणे मोजला होता. फक्त त्या दिवशी विहीर विहिरीसारखी वागत नव्हती. त्याने तिथल्या तिथे कॅल्क्युलेटर काढला, फेब्रुवारीच्या दहाचे नऊ केले आणि मे महिन्याचा आकडा पुन्हा काढला. शून्य. एका फुटाच्या पाहुण्याने वक्राच्या दुसऱ्या टोकाला वीस फूट पाणी भरले होते.

"पण त्याला वगळायचं कसं?" तो पुटपुटला. "एक घर सोडून पालखी..."

"बंद घराम्होरं पालखी नाचवत नाय, जावयबापू," येसूबाई म्हणाली आणि पिशवी उचलून उठली. "येवडा तरी तुमाला ठावं पायजे."

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला. फेब्रुवारीचा ठिपका काढून टाकावा, म्हणाला. वाडी लग्नाला गेली होती. साहेबांनी चष्मा काढला.

"गोताड, आलेख वर गेलाय. ठिपका काढायचा म्हणजे शासकीय नोंद नष्ट करायची. नोकरी नको झाली काय? नोंद काढता येत नाही. नोंद वाढवता येते. एक मेला नवा ठिपका आणा, मग बघू."

शास्त्रावर आपली निष्ठा आहे, असे हरिश्चंद्राला आजवर वाटत आले होते. ती निष्ठा साहेबांत इतक्या शुद्ध स्वरूपात पाहून तो नमस्कार करून बाहेर आला.

एक मे रोजी सुट्टी होती. तो सकाळच्या एस.टी.ने निघाला, फाट्यावर उतरला आणि सड्यावरून तापल्या कातळावर चालत वरच्या कोंडीत पोचला. लवू विहिरीवर दोर घेऊन थांबला होता. भोवती पंधरावीस बायका रिकामे हंडे कमरेवर घेऊन उभ्या होत्या. पाण्यासाठी नव्हे, जावई बघायला. लवूने दोर सोडला. दगड खाली कातळावर खणकन वाजला. गाठी वर आल्या त्या सगळ्या सुक्या.

"शून्य लिवू?" लवूने विचारले.

"वीस फूट कंचे, ता इचारा तेंना," मागून एक आवाज आला, आणि विहिरीच्या तळातून हसे दुप्पट होऊन वर आले.

सासूच्या घरी पायरीशी परंपरेप्रमाणे तांब्या ठेवला होता. जावई लांबून चालून आला की आधी पाय धुवायचे. हरिश्चंद्राने वाकून तांब्या उचलला. तो रिकामा होता. आतून घासून लख्ख केलेला.

"हात लावा न् नमस्कार करा," येसूबाई आतून म्हणाली. "यंदा तेवडाच हाय."

ती त्या दिवशी पहाटे पऱ्यावर जाऊन आली होती. तिचे दोन्ही गुडघे तेलाच्या फडक्याने बांधलेले होते. त्याने ते पाहिले आणि जेवायला न थांबता तो निघाला.

कचेरीत आता सात ठिपके झाले. त्याने सरळ लिहिले : विहीर कोरडी आहे, टँकर द्यावा. साहेबांनी कागद परत केला. कोरडी आहे ही आजची परिस्थिती झाली; परिपत्रकात पुढच्या महिन्याचा अंदाज मागितला आहे, आणि तोही त्याच पद्धतीने. हरिश्चंद्र जागेवर येऊन बसला. अण्णांनी काळा दोरा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो बाजूला सारला.

आयुष्यात पहिल्यांदाच, सगळे काही नीट ठाऊक असताना, त्याने पुन्हा तीच पालखी काढली. सात घरे, सहावा घात. कुणालाही वगळले नाही. फेब्रुवारीला तर मुळीच नाही. या खेपेला वक्र मे महिन्याच्या दारातून बाहेर पडला तो डोके खाली घालून. एक जून : उणे अडतीस फूट.

साहेब उभेच राहिले. "उणे? उणे म्हणजे पाणी कुठं?"

"तळाच्या खाली अडतीस फूट, साहेब."

"चूक?"

"शून्य."

"अरे बापरे," साहेब म्हणाले. कोरड्या विहिरी त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या; उणे विहीर ही त्यांची पहिलीच. "ही तर आणीबाणी झाली. अठरा वाड्यांत कुणाची उणे आहे? नाही ना? मग पहिला टँकर इथं. भिकाजी, पत्र टाका."

अण्णांनी पत्र टाकले. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, "हरिश्चंद्रा, नाव तरी बदल रे."

पाच मे रोजी टँकर वरच्या कोंडीच्या विहिरीत रिता झाला आणि मग एक दिवसाआड होत राहिला. आवाजाच्या जोरावर पूर्वी दरवर्षी टँकर मिळवणारी खालची वाडी यादीत दुसरी झाली. तिच्या सरपंचाने कचेरीत येऊन, आमच्या विहिरीचेही उणे काढून द्या, असा अर्ज केला. हरिश्चंद्राने त्यालाही वाईट वाटू नये म्हणून अर्जाची पोच दिली.

एक जूनला तो पुन्हा विहिरीवर गेला. लवूने दोर सोडला, ओढला आणि गाठी मोजल्या.

"चार भिजल्या. चार लिवू?"

हरिश्चंद्राने विहिरीत पाहिले. काल टँकरने ओतलेले पाणी काळ्या कातळावर चकाकत होते. हा ठिपका कागदावर गेला, तर वक्र जुलैत या चोवीस फुटी विहिरीत किती पाणी भरेल, हे त्याने कॅल्क्युलेटर काढून तिथल्या तिथे पाहिले. एकशे सहा फूट. त्यासाठी साहेबांनी होड्या मागवल्या असत्या.

"नको लिहू," तो म्हणाला.

लवूने आ वासला. सात महिन्यांत त्याची एकही चिठ्ठी कुणी नाकारली नव्हती.

"म्या बरोबर मोजलाव."

"बरोबरच मोजलंस. पण ते पाणी विहिरीचं नव्हे." मग लवूचा चेहरा पाहून त्याला राहवले नाही. त्याने चिठ्ठी घेतली, घडी घातली आणि खिशात जपून ठेवली. पुढे ती कित्येक वर्षे त्याच्या खणात, पेढ्यांच्या जागी होती.

सासूच्या पायरीशी तांब्या ठेवलेला होता. त्याने उचलला तर जड लागला. येसूबाई दारात उभी होती. गुडघ्यांची फडकी सुटली होती.

"धुवा पाय, जावयबापू. पन बेतानं. उन्या अडतीसातला पानी हाय ता."

त्याने उजवा पाय धुतला. मग उरलेल्या पाण्याकडे पाहिले, आणि डाव्याला वाईट वाटेल हे ठाऊक असूनही तांब्या खाली ठेवला.